सैकल

आमच्या घरात गिटार आली ती सुट्या भागांत. 2024 च्या 26 एप्रिलला आमच्या भागात लोकसभेचं मतदान होतं. त्या ड्युटीवरून मी दुसऱ्या दिवशी पहाटे घरी पोहोचलो आणि झोपलो. दुपारी उठलो तर बैठकीत एक लांबट खोकं उघडून पडलेलं. आत एक कोरं, न रंगवलेलं लाकडी धड, वेगळी मान, तारा पिळायच्या सहा खुंट्या, प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेले तीन पिकअप, स्क्रूंच्या पिशव्या, थोडी वायर आणि चार ओळींचं इंग्रजी माहितीपत्रक. माझी मुलगी हे सगळं चादरीवर मांडून मोजत बसली होती.

तिची अकरावी नुकतीच झाली होती. तयार इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर मी ऐकणार नाही हे तिला माहीत होतं. म्हणून ती म्हणाली होती, "अब्बू, विकत नको, मी बनवते." बनवणं हा शब्द शिक्षकाला मोडता येत नाही. चार वर्षांची ईदी तिने साठवली होती, कमी पडले ते मी घातले. बेगमचं म्हणणं सरळ होतं, "बारावीचं वर्ष आहे. हे खूळ मे महिन्यात संपलं पाहिजे."

प्रश्न आमच्या अब्बांचा होता. अब्बा शहात्तर वर्षांचे. आयुष्यभर त्यांनी वाशीममध्ये लाकडाला पॉलिश केलं. लग्नातले दिवाण, कपाटं, सागवानी दारं, दुकानांचे काउंटर. पाटणी चौकाच्या आसपास अशी काही जुनी दारं अजून आहेत, ज्यांच्यासमोरून जाताना ते मान वळवून पाहतात. पाच वेळचे नमाजी. गाणं-बजावणं घरात त्यांना कधी रुचलं नाही. रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता. त्यामुळे खोकं उघडलं तेव्हा ते ओसरीवर तसबीह फिरवत बसले होते आणि इकडे न बघण्याची पूर्ण काळजी घेत होते.

पहिले दोन दिवस आम्ही बाप-लेक दोघंच होतो. मुलीने व्हिडिओ पाहून पहिली गोष्ट शहाणपणाची केली. रंग लावण्याआधी सगळं एकदा कोरडंच जोडून पाहिलं. मान चार स्क्रूंनी धडाला बसवली. दोन्ही कडांच्या तारांच्या जागी शिवणाचा दोरा ताणला आणि तो मानेवरून सरळ जातो का ते बघितलं. जात होता. मग सगळं पुन्हा सोडवलं आणि घासकाम सुरू केलं. पॉलिश पेपर मी आणला होता. मी उत्साहाने गोल गोल घासत होतो.

ओसरीवरून आवाज आला, "रेशा देख के घास."

आम्ही दोघांनी वर पाहिलं. अब्बा उठून आले, धड उचललं, उन्हाकडे तिरपं धरलं. माझ्या घासण्याचे गोल ओरखडे त्या उजेडात स्वच्छ दिसले. आधी मला ते दिसलेच नव्हते. "लाकडाच्या रेषेच्या दिशेने हात गेला पाहिजे. आडवा ओरखडा आत्ता दिसत नाही, पॉलिश चढलं की दुप्पट दिसतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "वाजवणं जायज आहे की नाही ते मौलानांना विचारा. लाकूड नीट घासणं नाजायज नाही."

एवढ्यावर आमचा करार झाला. वाजवण्याबद्दल ते बोलणार नाहीत, लाकडाबद्दल आम्ही बोलणार नाही.

त्यानंतर जे मी पाहिलं ते मी लहानपणी रोज पाहिलं असणार, पण पाहिलं नव्हतं. धड बासवुडचं होतं. हलकं, मऊ, नखाने खोच पडेल असं. वाहतुकीत एका कडेला खोच पडलेलीही होती. मुलगी लांबी भरायला निघाली. अब्बांनी ओलं फडकं मागवलं, त्या जागेवर ठेवलं आणि वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगले आणि खोच जवळपास नाहीशी झाली. "लाकूड तुटलं नव्हतं, दबलं होतं. तुटलं तर भरायचं, दबलं तर उठवायचं."

मग सगळ्या धडावर त्यांनी ओला हात फिरवला. एवढं गुळगुळीत केलेलं लाकूड पुन्हा खरखरीत झालं. मुलगी रडकुंडीला आली. अब्बा म्हणाले, पॉलिशच्या पहिल्या हाताला हे तंतू उभे राहणारच होते, ते आत्ताच उभे करून कापून टाकू. वाळल्यावर पुन्हा घासलं. 120 नंबरच्या कागदापासून 180, 240, 320 करत 400 पर्यंत. नंबर त्यांना वाचावे लागत नव्हते. कागदावर अंगठा फिरवून ते सांगायचे. सागवानाला छिद्रं भरायला खडूच्या भुकटीत रंग कालवून भरणी करतात, ती इथे करायची का, असं मी विचारलं. त्यांनी लाकडावर बोट फिरवलं. "याची छिद्रं बारीक आहेत. याला भरणी नको."

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मी बी.एड.ला प्रवेश घेतला. अर्ज मराठीत होता. अब्बांना उर्दू वाचता येतं, मराठी बोलतात फर्मास, पण मराठी अक्षर वाचता येत नाही. रात्री कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली मी अर्ज भरत होतो आणि ते शेजारी बसून स्पिरिटने हात पुसत होते. एक रकाना होता, 'वडिलांचा व्यवसाय'. मी लिहिलं, 'व्यापार'. अब्बांनी विचारलं, "क्या लिखा?" मी म्हणालो, "जो आप करते हैं, वही." ते खूश झाले. त्यांच्या नखांत लाखेचा तपकिरी रंग कायमचा बसलेला असायचा. तो वर्गातल्या मुलांना दिसू नये म्हणून मी त्यांना कॉलेजच्या गेटवर कधी बोलावलं नाही.

आज मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. दर जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्या रकान्यात मुलं काय काय लिहितात ते मी वाचतो. गॅरेजवाल्याचा पोरगा 'ऑटोमोबाइल' लिहितो, हमालाचा पोरगा 'ट्रान्सपोर्ट' लिहितो. मी कोणालाही कधी टोकलं नाही. कोणत्या तोंडाने टोकणार?

गिटार घरी येण्याच्या काही आठवडे आधी वर्तमानपत्रांत एक बातमी होती. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी ती कापून ठेवली होती, कारण काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने मी सांगलीकडे गेलो असताना मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तासभर रेंगाळलो होतो. छताला टांगलेले वाळके भोपळे, ते पंढरपूरच्या आसपासच्या भागातून येतात. खाली बसून कोणी तुणाच्या लाकडाची दांडी तासतोय, कोणी कडेची नक्षी बसवतोय. आणि एका कोपऱ्यात एक माणूस कापडाच्या गुंडीने तानपुऱ्याला लाखेचं पॉलिश देत होता. तो वास नाकात गेला आणि मी क्षणभर वाशीमच्या आमच्या ओसरीवर होतो. तेव्हा मी एवढंच मनाशी म्हणालो, अरे, हा तर अब्बांचा वास. आणि पुढे निघालो.

मिरजेच्या या कारागिरांची हकिगत अनेकांना माहीत असेल. ते मूळचे शिकलगार. तलवारी, कट्यारी, भाले यांना धार लावायची, त्यांची दुरुस्ती करायची. इंग्रजी अंमलात संस्थानांच्या फौजा आटल्या आणि हत्यारांचं काम संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार भावांनी गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता नवी बनवायला घेतली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाण्याला आश्रय होताच. पुढे त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, 1937 साली वारले आणि तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची मैफल होते. म्हणजे गाणं आणि इबादत यांचं काय नातं असावं, यावर आमच्या अब्बांचं मत एक, मिरजेच्या दर्ग्याची वहिवाट दुसरी, आणि दोन्हीकडची माणसं पाच वेळा एकाच दिशेला तोंड करतात.

पण मला अडवलं ते 'शिकलगार' या शब्दाने. मी मराठी शिकवतो, उर्दूत वाढलो, दोन्ही भाषांचे शब्द एकमेकांत कुठे मिसळतात हे बघण्याची मला सवय आहे. गिटारच्या मानेवर बोटांसाठी आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. सतारीवर त्यांना उर्दूत परदे म्हणतात, मराठीत पडदे. साज म्हणजे उर्दूत वाद्य, मराठीत दागिना. पण शिकलगार हा शब्द मी मराठी म्हणूनच वाचत आलो होतो. एका रात्री मुलगी धडावर हात फिरवत होती, अब्बा कागद बदलून देत होते, आणि माझ्या डोक्यात तो शब्द उलगडला. सैकल-गर. सैकल म्हणजे चकाकी आणणं, घासून लख्ख करणं. उर्दू शायरीत आरशाला सैकल करतात, तलवारीला करतात, सुफी दिलाला करतात. सैकल-गर म्हणजे पॉलिशवाला.

ज्या शब्दावर उर्दू शायरीचं अर्धं दालन उभं आहे, तो माझ्या वडिलांचा धंदा होता. आणि मी त्या जागी लिहिलं होतं 'व्यापार'.

मे महिन्याच्या मध्यापासून पॉलिश सुरू झालं. वाशीमच्या उन्हात दुपारी स्पिरिट हात फिरवण्याआधीच उडून जातं, म्हणून अब्बांनी वेळ ठरवली, फजरच्या नमाजनंतर, ऊन चढायच्या आत. चपडी लाख त्यांनी स्वतः भिजवली. ही लाख म्हणजे एका बारीक किड्याचा राळेसारखा स्राव. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर तो किडा वाढतो. आपल्या विदर्भात पळसाला तोटा नाही. मुलीला मी सांगितलं की जुन्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही याच लाखेपासून बनत. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज दूरदूर पोहोचला तो लाखेवर कोरून. अब्बांनी ते ऐकलं, काही बोलले नाहीत, पण गुंडी क्षणभर थांबली.

सुती कापडात कापूस बांधून केलेली ती गुंडी, तिच्यावर तेलाचा एक थेंब, आणि हात कधीच लाकडावर थांबवायचा नाही. विमान उतरतं तसा हात उतरायचा आणि चालतं असतानाच उचलायचा. थांबला तर खालचा थर विरघळून उचटतो. मुलीने तीन वेळा उचटवला. अब्बांचे हात आता थरथरतात, चहाचा कप बशीत वाजतो. गुंडी हातात आली की तो कंप कमी व्हायचा. पूर्ण जायचा नाही. एका कडेला त्यांचाही हात अडखळला आणि बारीक डाग पडला. मुलगी म्हणाली, "दादा, ते राहू द्या." ते म्हणाले, "राहू द्या कसं?" आणि पुन्हा घासायला बसले. पण दुसऱ्यांदाही तो पूर्ण गेला नाही. अजून आहे.

माझी चूक याहून मोठी. जूनचा पहिला पाऊस पडला, सगळीकडे ओल, आणि अब्बा अकोल्याला बहिणीकडे गेलेले. शाळा सुरू व्हायच्या आत उरकावं म्हणून मी स्वतः एक हात मारला. तासाभरात मधाच्या रंगाचं ते धड दुधाळ पांढरं पडलं. रात्रभर मला झोप नाही. दोन दिवसांनी अब्बा आले, बघितलं, आणि माझ्यावर ओरडतील म्हणून मी उभा होतो. ते म्हणाले, "हवेतलं पाणी आत अडकलंय. ऊन पडू दे." चार दिवसांनी कोरडी हवा मिळाली तेव्हा गुंडीला नुसतं स्पिरिट लावून त्यांनी हलका हात फिरवला. पांढरेपणा ओसरला, खालून मधाचा रंग वर आला.

पुढचं काम वायरींचं, आणि ते मुलीचं. इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड सतारीच्या भोपळ्यासारखं पोकळ नसतं, ते आवाज मोठा करत नाही. काम करतो तो पिकअप. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. 1831 साली फॅरेडेने शोधलेलं हेच तत्त्व तिच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे. बेगमला हे सांगितल्यावर घरातला विरोध बराच निवळला. या गिटारचा मूळ नमुना 1954 साली अमेरिकेत लिओ फेंडरने आणला. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे मी मुद्दाम अब्बांसमोर वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, "बनवणाऱ्याने बनवावं."

ॲम्प्लिफायरला जोडल्यावर पहिल्यांदा नुसती घरघर आली. कारण सापडलं. मागच्या बाजूला स्प्रिंगा अडकवायची जी जाड पत्री असते, तिला जोडायची अर्थिंगची वायर सुटली होती. डाग लागतच नव्हता. मोठा धातू उष्णता पिऊन टाकतो आणि कथील नुसतं मोत्यासारखं ओघळतं. अब्बा म्हणाले, आपल्या गल्लीत कल्हईवाला यायचा तो आधी भांडं घासून नवसागर मारायचा, मगच कथील धरायचं. मुलीने पत्री कानशीने खरवडली, फ्लक्स लावलं, सोल्डरची कांडी जास्त वेळ टेकवली. डाग लागला. घरघर गेली.

राहिलं ते जुळवणं. पडदे मोजून बसवलेले होतेच. 648 मिलिमीटर लांबीची तार, पहिला पडदा साधारण 36.4 मिलिमीटरवर, बारावा बरोबर निम्म्यात, 324 वर. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. हे ठोकलेले, हलत नाहीत. सतारीत घोडीचा माथा कानशीने असा घासतात की तार तिला पुसट स्पर्श करत राहते आणि तो झंकार उठतो. त्याला जवारी म्हणतात, आणि ती काढणाऱ्या कारागिराला वेगळा मान असतो. गिटारमध्ये तार पडद्याला घासून झणझणली तर तो दोष. आमची अडचण उलटी होती. घोडी पूर्ण खाली घेऊनही तारा उंचच राहत होत्या, दाबताना बोटं कापत होती. मुलीने शोधून काढलं की मान पुन्हा सोडवून तिच्या खोबणीत मागच्या कडेला एक पातळ चकती घातली तर मान किंचित मागे झुकते आणि तारा खाली येतात.

चकतीसाठी अब्बांनी 400 नंबरच्या वापरलेल्या कागदाचा तुकडा कापून दिला.

मान सुटी होती, खोबण उघडी होती, तेव्हा मुलीला सुचलं की आत नावं लिहावीत. एकदा मान बसली की कोणाला दिसणार नाहीत. तिने पेन्सिल घेतली आणि मराठीत लिहिलं. वर तारीख. खाली 'तारा आणि वायरिंग : मी'. तिसरी ओळ, 'अब्बू : बॅटरी धरली'. खरं होतं ते. महिनाभर मी मुख्यतः टॉर्चच धरली होती. आणि सगळ्यांच्या वर, तारखेशेजारी, जरा मोठ्या अक्षरात अब्बांचं पूर्ण नाव आणि त्यापुढे एक शब्द.

अब्बा चष्मा पुढे करून वाकले. मराठी अक्षर. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "क्या लिखा?"

मी त्यांचं नाव वाचलं आणि पुढचा शब्द वाचला, "पॉलिशवाले."

"बरोबर लिहिलं," ते म्हणाले.

मग मी त्यांना त्या जुन्या अर्जाचं सांगितलं. तिथेच, मुलीसमोर. सांगताना मी चकतीचा तुकडा हातात चुरगाळत होतो. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुझ्या कॉलेजच्या शिपायाच्या घरचं कपाट मी केलं होतं. तो म्हणाला, तुमच्या पोराने लिहिलंय तुमचा मोठा व्यापार आहे." मग त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, मांडीवर सपाट केला आणि मुलीकडे दिला. "हा नको चुरगाळू. याच्यावरच तिची मान बसणार आहे."

असरची अजान झाली तसे ते वुजूला उठले. मुलीने मान बसवली, चारही स्क्रू कसले, तारा चढवल्या. अब्बा परत येईपर्यंत ती सुरात आली होती. तिने वाजवून दाखवली नाही, त्यांनीही मागितलं नाही. भिंतीला टेकवलेल्या त्या धडावर उतरतं ऊन आलं होतं. ते वाकून, तिरपे होऊन, त्या कडेचा डाग पुन्हा बघत होते.

यंदा जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज आले तेव्हा 'ट्रान्सपोर्ट' लिहिलेल्या एका पोराला मी टेबलाजवळ बोलावलं. रकान्यावर बोट ठेवलं नाही. फक्त विचारलं, तुझे अब्बा ओझं कसं उचलतात रे, आधी गुडघे वाकवतात की कंबर? त्याला नीट सांगता आलं. पाच मिनिटं सांगत होता.